कर्मवीर भाऊराव पाटील : गृहस्थ आणि लोकसेवक
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेचा सुवर्णमहोत्सव म्हणजे केवळ आनंदाचा सोहळा नव्हे. तो हिशेबाचाही दिवस असतो. पन्नास वर्षांत काय मिळाले, काय दिले गेले, कोणी दिले, याची उजळणी अशा दिवशी व्हावी लागते. देणगीदारांची नावे संगमरवरी फलकावर असतात आणि रकमांच्या पावत्या दप्तरात असतात. परंतु प्रत्येक संस्थेच्या पायात अशी एखादी देणगी असते की तिची पावती कोणी फाडलेली नसते. अशा एका देणगीची आणि ती ज्या घरातून आली त्या घराची आठवण आजच्या मंगल दिनी करणे उचित ठरेल. ते घर कर्मवीर भाऊराव पाटील यांचे.

भाऊराव म्हटले की रयत शिक्षण संस्था डोळ्यांसमोर येते, अंगावरची खादी, खांद्यावरची घोंगडी आणि भरघोस पांढरी दाढी आठवते. लोकसेवक भाऊराव सर्वांना ठाऊक आहेत. गृहस्थ भाऊरावांविषयी मात्र फार कमी बोलले जाते. मोठा समाजसेवक म्हणजे घराकडे पाठ फिरवलेला माणूस, अशी एक समजूत रूढ आहे. भाऊरावांनी घराकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी घराचा उंबरठा काढून टाकला. या दोहोंमध्ये फरक आहे. तो फरक समजला तर त्यांचे चरित्र समजले, असे म्हणता येईल.

जन्म आणि संस्कार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. बाहुबलीच्या डोंगराजवळचे हे गाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. घराणे मूळचे सध्याच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथील. वडिलांचे नाव पायगोंडा, आईचे गंगाबाई. दक्षिण महाराष्ट्रातील शेतकरी जैन कुटुंबांत आढळणारे सारे संस्कार या घरात होते : सूर्यास्तापूर्वीचे जेवण, गाळलेले पाणी, मंदिराचे दर्शन आणि दारी आलेल्याला रिकाम्या हाताने परत न पाठविण्याची रीत.

या संस्कारांचा अर्थ मात्र त्या मुलाने स्वतःच्या बुद्धीने लावला. जीवदयेची शिकवण ज्या घरात मुंगीपर्यंत पोहोचली होती, त्या घरातील मुलाला गावच्या विहिरीपाशी ताटकळत उभी असलेली तहानलेली माणसे दिसली. शिवाशिवीमुळे पाणी नाकारणाऱ्या त्या विहिरीचा रहाट त्याने मोडून टाकला, अशी हकीकत त्यांच्या बालपणाविषयी सांगितली जाते. मुलाचा तो राग होता. पुढे त्या रागाचे व्रत झाले.

बोर्डिंगचा प्रसंग

शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले, राजाराम हायस्कूलमध्ये शिकू लागले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली झाली होती. आपल्या समाजातील खेड्यापाड्यांच्या मुलांना शहरात राहून शिकता यावे यासाठी समाजधुरीणांनी मोठ्या कष्टाने बोर्डिंगे उभी केली होती. भाऊरावांनी वसतिगृह ही कल्पना प्रथम पाहिली आणि अनुभवली ती याच ठिकाणी, हे आपल्या समाजाने अभिमानाने सांगावे.

पण त्याच बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावे लागले, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगावे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर स्नान करून मगच पंगतीस बसावे, असा आग्रह झाला. त्यांनी नकार दिला. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो, हे त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. नियम मोडल्याचा ठपका आला आणि बोर्डिंगचे दार बंद झाले.

ही घटना आज ऐकताना मन अस्वस्थ होते. तो काळ तसा होता आणि नियम करणारी माणसे वाईट नव्हती. आपल्या मुलांच्या हितासाठीच ती झिजत होती. परंतु चांगल्या माणसांनी चालविलेल्या चांगल्या संस्थेतही एखादा नियम धर्माच्या विरुद्ध जाऊ शकतो, हे त्या विद्यार्थ्याने दाखवून दिले. इंग्रजी सहावीपर्यंत कसेबसे शिकलेला हा मुलगा परीक्षेत चमकला नाही. या एका परीक्षेत मात्र तो पूर्ण उतरला.

सत्याची कसोटी

पाच अणुव्रतांत सत्याणुव्रताचे स्थान अहिंसेच्या लगोलग आहे. खोटी साक्ष देणे हा सत्याणुव्रताचा भंग होय, हे आपण लहानपणापासून ऐकतो. भाऊरावांच्या वाट्याला हे व्रत प्रत्यक्ष पाळण्याचा प्रसंग आला.

१९१४ साली कोल्हापुरात सम्राट सातवे एडवर्ड यांच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशयाचा रोख आपल्या समाजाचे विद्वान नेते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळविण्यात आला. लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांनी ती दिली नाही, म्हणून त्यांना तुरुंगात जावे लागले आणि पुष्कळ छळ सोसावा लागला.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या बोर्डिंगमधून भाऊरावांना बाहेर पडावे लागले होते, त्याच बोर्डिंगच्या कार्याशी लठ्ठे यांचे नाव निगडित होते. जुना सल काढण्याची संधी आयती चालून आली होती. शिवाय एका शब्दाने सुटका होणार होती. घरी तरुण पत्नी होती, वृद्ध होत चाललेले आईवडील होते. गृहस्थाला मोडणारा प्रश्न नेमका हाच असतो : माझ्या सत्याची किंमत माझ्या माणसांनी का मोजावी? भाऊरावांनी ती किंमत मोजली, आणि त्यांच्या माणसांनीही मोजली.

याहून विशेष गोष्ट पुढे घडली. ज्या संस्थानाच्या तुरुंगात त्यांना डांबले गेले, त्या संस्थानच्या अधिपतींविषयी त्यांनी मनात किल्मिष ठेवले नाही. शाहू महाराजांचे बहुजनांच्या शिक्षणाचे कार्य त्यांनी आपल्या दुःखाहून मोठे मानले. १९२२ साली महाराजांचे निधन झाले, आणि पुढे साताऱ्यातील वसतिगृहास भाऊरावांनी महाराजांचेच नाव दिले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. दशलक्षण पर्वात आपण उत्तम क्षमेचे पूजन करतो. क्षमा आचरणात कशी दिसते, हे पाहायचे असेल तर त्या पाटीकडे पाहावे.

प्रपंच आणि वणवण

भाऊराव संसारी गृहस्थ होते. साताऱ्यात शिकवण्या करून त्यांनी पोट भरले, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. पुढे ओगले काच कारखान्याच्या आणि किर्लोस्करांच्या मालाच्या विक्रीसाठी ते गावोगाव फिरले. कंदील आणि नांगर खपविण्यासाठी फिरणाऱ्या या माणसाने खेड्यांचे खरे दर्शन घेतले. शेतकरी कर्जात का बुडतो? तर सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नाही. कंदील विकत घेण्याची ऐपत आली तरी त्या उजेडात वाचावयाचे काय, हा प्रश्न उरतोच.

१९१० साली दूधगाव येथे सहकाऱ्यांसह त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालविण्याचा उपक्रम आरंभला होता. घराघरांतून मूठमूठ धान्य जमवावे आणि त्यावर मुलांचे जेवण चालावे, अशी ती रीत. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. एका छपराखाली राहावे, एका पंगतीत जेवावे आणि कोणी कोणाची जात विचारू नये, हा तेथील नियम. एकेकाळी ज्या नियमाने त्यांना पंगतीतून उठविले होते, त्याचे हे उत्तर होते. ते कोणावर टीका करून दिलेले नव्हते. पानावर अन्न वाढून दिलेले होते.

लक्ष्मीबाई

ते अन्न शिजविणारे हात लक्ष्मीबाईंचे होते.

भाऊरावांचा विवाह १९०९ साली झाला. लक्ष्मीबाई या कुंभोजच्याच सधन पाटील घराण्यातील. माहेरी सुबत्ता होती, अंगावर भरपूर सोने घालून त्यांना सासरी पाठविण्यात आले होते. घरचे वळण कर्मठ. सोवळेओवळे रक्तात मुरलेले. अशा स्त्रीच्या स्वयंपाकघरात एके दिवशी नाना जातींची मुले येऊन बसली. पतीने जे तत्त्व म्हणून स्वीकारले होते ते पत्नीला रोज चुलीपाशी पार पाडावयाचे होते. तत्त्व स्वीकारण्यास एक क्षण पुरतो. जन्माचे वळण बदलण्यास किती रात्री लागल्या असतील, हे त्या माउलीलाच ठाऊक. पण वळण बदलले. मुले आजारी पडली तर उशाशी त्याच बसल्या. आई मागे सोडून आलेल्या त्या मुलांना त्या माउलीत आई सापडली.

संस्थेला ना सरकारी मदत होती, ना कोणी मोठा आश्रयदाता. धान्य संपले की एक दागिना जाई. पुन्हा संपले की दुसरा. शिक्षणकार्यासाठी भाऊराव सतत बाहेरगावी असत. अशाच एका प्रसंगी घरात मुले उपाशी होती, धान्य नव्हते आणि मोडण्यासारखा दागिनाही उरला नव्हता. लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले.

श्राविकाहो, या गोष्टीचे मोल आपल्याला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दागिना हौसेचा असतो. तो देणे कठीण असले तरी दातृत्वात बसते. मंगळसूत्राची गोष्ट निराळी. पती हयात असताना रिकाम्या गळ्याने चारचौघींत वावरणे त्या काळी काय होते, याची कल्पना पुरुषांना येणार नाही. तरीही त्यांनी ते दिले, कारण त्यांच्या दृष्टीने ती मुले पराची नव्हती. स्वतःच्या लेकरांच्या ताटात भाकरी नसताना कोणती आई गळ्यातले सोने जपते?

३० मार्च १९३० रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेला मिळालेला मानसन्मान त्यांनी पाहिला नाही. महाविद्यालये पाहिली नाहीत. त्यांनी पाहिली ती केवळ भूक, आणि ती त्यांनी भागविली. आज 'रयतमाउली' म्हणून त्यांचे स्मरण होते, सोलापुरातील महिला महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. पण त्यांच्या हयातीत त्या देणगीची पावती कोणी केली नव्हती, आणि त्यांनी मागितलीही नव्हती.

भाऊरावांचे मोठेपण सांगताना हे विसरता कामा नये की त्यांच्या अपरिग्रहाचा अर्धा भार दुसऱ्याच व्यक्तीने वाहिला. पुरुष घराबाहेर त्याग करतो तेव्हा त्याचा जयजयकार होतो. त्याच त्यागाची रोजची भाकरी घरात थापावी लागते, आणि ती थापणारीचे नाव अहवालाच्या शेवटच्या पानावरही येत नाही. हा दोष भाऊरावांचा नव्हे, आपल्या स्मरणशक्तीचा आहे. तो आता दुरुस्त व्हावा.

वाढत गेलेले कुटुंब

पत्नीच्या निधनानंतर भाऊराव एकोणतीस वर्षे जगले. या काळात त्यांचे कुटुंब वाढतच गेले. पुणे कराराच्या स्मृतिप्रीत्यर्थ १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय सुरू झाले. जेथे शाळाच नव्हत्या अशा वाड्यावस्त्यांवर शेकडो स्वयंसेवी शाळा निघाल्या. देवळात, चावडीत, जागा मिळेल तेथे त्या भरल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले.

'कमवा आणि शिका' हे या सर्वांचे सूत्र. मुलाने फुकट खाऊ नये. शेतात राबावे, दगड फोडावेत, इमारतीच्या भिंती उचलाव्यात आणि मान वर करून शिकावे. गरिबाच्या मुलाला मदत देताना त्याचा स्वाभिमान हिरावून घेऊ नये, ही त्यामागील दृष्टी होती. घरातील वडीलधारा मुलाला जसे कामाला लावतो आणि त्याच्या ताटाकडेही लक्ष ठेवतो, तसेच 'अण्णा' या मुलांचे वडीलधारे होते. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेला एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा पुढे बॅरिस्टर झाला आणि शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ते बॅ. पी. जी. पाटील. असे एक नाव सांगितले की मागे राहिलेली हजारो नावे समजून घ्यावीत.

महात्माजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला. त्याच सुमारास सरकारवर केलेल्या परखड टीकेमुळे संस्थेचे अनुदान बंद झाले. उतारवयात पुन्हा एकदा तोच प्रश्न समोर उभा राहिला : एक शब्द मागे घेतला तर सारे सुरळीत होईल. त्यांनी शब्द मागे घेतला नाही. लोक मदतीला धावले, गाडगे महाराजांसारखे संत पाठीशी उभे राहिले आणि कालांतराने अनुदानही पुन्हा सुरू झाले. १९१४ साली तरुणपणी पाळलेले व्रत साठीतही ढळले नव्हते.

नावाचा मोह

संस्थाचालकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. भाऊरावांनी काढलेल्या संस्थांची नावे पाहावीत : शाहू, सयाजीराव, शिवाजी, जिजामाता, गाडगे महाराज, आझाद. या यादीत पायगोंडा नाही, गंगाबाई नाही, भाऊराव नाही. मोठी रक्कम देऊ करून शिवाजी महाराजांचे नाव बदलावे असे एका धनिकाने सुचविले, तेव्हा एक वेळ स्वतःच्या बापाचे नाव बदलेन पण हे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पित्यावरील अनादर त्यात नव्हता. आपले नाव लावण्याचा हक्क असतानाही तो सोडणे, हाही परिग्रहाचाच त्याग. धन सुटते, नाव सुटत नाही, हा अनुभव कोणत्या संस्थेला नाही?

अखेरचा काळ

१९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी दिली. इंग्रजी सहावीवर शाळा सुटलेल्या मुलाचा तो गौरव होता. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. साताऱ्यास त्यांची समाधी आहे. रयत शिक्षण संस्थेने २०१९ साली शंभर वर्षे पूर्ण केली, २०२१ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही अस्तित्वात आले. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत शिरतात आणि त्यांचेच खोड होते. कुटुंबाचे समाजात असेच रूपांतर झाले.

उपस्थित बंधुभगिनींनो, आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या धर्माने सांगितली. त्या एका घराने ही चारही दाने दिली. भुकेल्याला भाकरी दिली, आजाऱ्याची सेवा केली, निरक्षराला अक्षर दिले आणि ज्याला गावाने दूर बसविले त्याला पंगतीत जागा देऊन निर्भय केले. यासाठी दीक्षा घ्यावी लागली नाही, घर सोडावे लागले नाही. गृहस्थाश्रमात राहूनच हे घडले. म्हणून हे चरित्र साधूंपेक्षा आपल्यासारख्या संसारी माणसांना अधिक जवळचे आहे आणि म्हणूनच ते अधिक अवघडही आहे. साधूचे उदाहरण पाहून आपण नमस्कार करून मोकळे होतो. गृहस्थाचे उदाहरण समोर आले की सबब उरत नाही.

आज ट्रस्टच्या दप्तरात पन्नास वर्षांच्या पावत्या आहेत. त्या जपाव्यात. देणाऱ्यांचे ऋण मानावे. पण घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या आजीची, आईची, काकूची आठवण करावी. एखाद्या पंचकल्याणकाला, एखाद्या बोर्डिंगला, एखाद्या गरजू मुलाच्या फीसाठी त्यांच्या हातातील एखादी पाटली कधी गेली होती का, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. उत्तर बहुधा 'होय' असेच येईल. त्या पाटलीची पावती फाडण्याची वेळ आता टळून गेली आहे. परंतु तिच्या नावे एखाद्या मुलाचे, मग तो कोणत्याही जातीचा असो, शिक्षण पूर्ण करता येईल. कर्मवीरांचे आणि रयतमाउलीचे पुण्यस्मरण यापेक्षा वेगळे असू शकत नाही.

जय जिनेंद्र.